द शील्ड : एक खून आणि त्यानंतरचे ८७ भाग

सांजवेळ :

(शेवटच्या भागापर्यंतचं सगळं कथानक इथे उघड केलं आहे. मालिका अजून बघायची असेल तर आधी बघून घ्या.)

पोलिसांवरच्या मालिकांचा विषय निघाला की गाडी 'द वायर'वर येऊन थांबते. ती थोर आहेच. पण तिच्या तीन महिने आधी, मार्च २००२ मध्ये, एफएक्स या अमेरिकन वाहिनीवर 'द शील्ड' सुरू झाली आणि नोव्हेंबर २००८ पर्यंत सात सीझन, ८८ भाग चालली. तिच्याबद्दल विचारलं तर "ती मारधाडवाली ना?" इतकंच ऐकू येतं. या दोन्ही मालिकांचा पहिला आणि शेवटचा भाग एकाच दिग्दर्शकाने, क्लार्क जॉन्सनने केलाय. मी 'द शील्ड' नुकतीच दुसऱ्यांदा संपवली आणि ती डोक्यातून जायला तयार नाही, म्हणून हा धागा.

लॉस एंजेलिसमधला फार्मिंग्टन नावाचा एक काल्पनिक भाग. टोळ्या, ड्रग्ज, गरिबी. जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेलं पोलीस ठाणं, त्याला सगळे 'द बार्न' म्हणतात. तिथलं टोळ्यांविरुद्धचं खास पथक म्हणजे स्ट्राइक टीम : म्होरक्या व्हिक मॅकी, त्याचा जिवलग शेन, मोठ्या मनाचा लेम आणि कमी बोलणारा रॉनी. हे लोक गुन्हे खरंच रोखतात. आणि त्याच वेळी एका ड्रग विक्रेत्याला संरक्षण देऊन त्याच्याकडून आपला वाटाही घेतात. ठाण्याचा कॅप्टन असेवेडा महत्त्वाकांक्षी आहे, त्याला राजकारणात जायचंय. व्हिकला अडकवायला तो टेरी क्राउली नावाच्या डिटेक्टिव्हला पथकात पेरतो.

पहिल्या भागाच्या शेवटी एका ड्रग विक्रेत्याच्या घरावर छापा पडतो. त्या विक्रेत्याला गोळ्या घालून झाल्यावर व्हिक त्याचंच पिस्तूल उचलतो, वळतो आणि टेरीच्या तोंडावर गोळी झाडतो. शेन शेजारी उभा असतो. लेम आणि रॉनी त्या खोलीत नसतात. प्रसिद्धी अशी झाली होती की टेरी हा मालिकेतल्या मुख्य पात्रांपैकी एक वाटावा, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला हा धक्का जबरदस्त बसतो.

धक्के बऱ्याच मालिका देतात. मला जे विलक्षण वाटतं ते पुढचं आहे. ही मालिका तो खून एकदाही मागे पडू देत नाही. एरवी अशा मालिकांत नायकाने केलेलं पाप दुसऱ्या सीझनपर्यंत पुसट होतं, नवा खलनायक येतो, नवी केस येते आणि आपण सगळं विसरून जातो. इथे विसरायची सोयच नाही. टेरीला मारलं म्हणून व्हिक आणि शेन कायमचे एकमेकांना बांधले गेले. दुसऱ्या सीझनच्या शेवटी चौघांनी आर्मेनियन माफियाचा पैसा लुटला तो "आता एकदाच हात मारू आणि सुटू" या भरवशावर, पण त्या पैशाने तिसऱ्या सीझनमध्ये पथक आतून पोखरलं आणि शेवटी लेमने बहुतेक सगळा पैसा जाळून टाकला. मग लेम तुरुंगाच्या दारात उभा राहिला. तो तोंड उघडेल या भीतीने पाचव्या सीझनच्या शेवटी शेनने त्याच्या गाडीत हातबॉम्ब टाकला, आणि लेमच्या मरणाने व्हिक आणि शेन एकमेकांच्या जिवावर उठले. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून आली आहे. लेखकांनी सोयीसाठी काही आणून टाकलंय असं मला कुठेच वाटलं नाही.

एक छोटा धागा सांगते, कारण त्यात मालिकेची सगळी रीत दिसते. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला व्हिक आर्माडिलो नावाच्या ड्रग माफियाचं तोंड पेटत्या शेगडीवर दाबतो. आर्माडिलो क्रूर आणि विकृत आहे, त्यामुळे बघताना आपल्याला बरंच वाटतं. काही भागांनंतर आर्माडिलो तीच शिक्षा परत करतो, पण व्हिकला नाही. रॉनीला. ज्याने काहीच केलं नव्हतं त्याचा चेहरा भाजतो, आणि पुढे तो दाढी ठेवतो ती ते व्रण झाकायला. सातव्या सीझनपर्यंत रॉनी पडद्यावर आला की ती दाढी समोर असते. कुणी त्याबद्दल भाषण देत नाही.

मायकेल चिक्लिसला व्हिकच्या भूमिकेसाठी २००२ चा एमी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण दुसऱ्या वेळी माझी नजर सतत ठाण्यातली डिटेक्टिव्ह क्लॉडेट विम्स (सीसीएच पाउंडर) हिच्यावर होती. तिच्याबद्दल इथे बोलायला आवडेल. आणखी एक विचारायचंय : व्हिकला मिळालेली शिक्षा तुम्हाला पुरेशी वाटली का?

टिपकागद :

धागा आवडला. या मालिकेमागचा खरा इतिहास लिहितो, कारण तो कळल्यावर मालिका निराळी दिसते. सुरुवातीला तिचं नावच 'रॅम्पार्ट' ठरलं होतं.

रॅम्पार्ट हा लॉस एंजेलिस पोलिसांचा एक विभाग. तिथे 'क्रॅश' नावाचं टोळीविरोधी पथक होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये त्या पथकातला रफाएल पेरेझ नावाचा पोलीस पकडला गेला, पोलिसांच्याच मुद्देमालाच्या खोलीतून सहा पौंड कोकेन पळवल्याबद्दल. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये त्याने शिक्षा कमी करून घेण्यासाठी सरकारशी करार केला आणि तोंड उघडलं. खोटे पुरावे पेरणं, बनावट जबाब, मारहाण, सगळं बाहेर आलं. सत्तरच्या आसपास पोलिसांची नावं त्यात आली. १९९६ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदाराने एका निःशस्त्र तरुणाला गोळ्या घालून अपंग केलं होतं आणि वर त्याच्याजवळ बंदूक ठेवून त्यालाच २३ वर्षांची शिक्षा लागेल असं बघितलं होतं. तो तरुण सुटला, शहराने त्याला दीड कोटी डॉलर भरपाई दिली. शंभराहून जास्त जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. २००० मध्ये ते पथक बरखास्त झालं आणि २००१ पासून अख्खं पोलीस दल केंद्रीय न्यायालयाच्या देखरेखीखाली आलं. ती देखरेख बरीच वर्षं चालली.

आणि पेरेझला शिक्षा किती? पाच वर्षं. ज्याने सगळ्यात जास्त सांगितलं तो स्वस्तात सुटला. सातव्या सीझनमध्ये व्हिक जे करतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. मालिकेचा कर्ता शॉन रायन याने ही कल्पना हवेतून काढलेली नाही.

सांजवेळ :

टिपकागद, मनापासून आभार. करारावर तोंड उघडणारा पोलीस हा दुवा मी असा जोडला नव्हता. रद्द झालेल्या शिक्षांवरून क्लॉडेटची तिसऱ्या सीझनमधली गोष्ट आठवली, त्याबद्दल सविस्तर लिहिते, थोडा वेळ द्या.

आडवाट :

मी विरोधात लिहिणार आहे. लेखनाबद्दल, अभिनयाबद्दल वाद नाही. पण ही मालिका ज्याचा निषेध करते असं आपण म्हणतो, तेच ती विकते.

पहिलाच भाग घ्या. एक लहान मुलगी बेपत्ता आहे. क्लॉडेटचा जोडीदार डिटेक्टिव्ह डच बिचारा तासन्‌तास बोलून, डोकं लढवून संशयिताकडून कबुली काढतो, आणि मग कळतं की त्याने मुलीला पुढे दुसऱ्याच माणसाला विकलंय. त्या दुसऱ्या माणसाला आणतात, तो दाद देत नाही. मग व्हिक खोलीत जातो, सोबत टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी नेतो. मारहाण होते, पत्ता मिळतो, मुलगी जिवंत सापडते. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्या तासातच शिकवलं काय? छळ कामाला येतो. खऱ्या आयुष्यात मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून वाटेल ते सांगतो, त्यातून निरपराध लोक आत जातात. वर टिपकागद यांनी दिलेला आकडाच बघा. शंभराहून जास्त शिक्षा रद्द. त्यांतला एकही माणूस व्हिकच्या या खोलीत दिसत नाही. तिथे आणलेला प्रत्येक जण दोषीच असतो, कारण लेखकाने तसं ठरवलंय.

शेवट कितीही कडवट केला तरी मधल्या काळात प्रेक्षक व्हिकच्या बाजूने टाळ्या वाजवत होता. त्याची जबाबदारी मालिकेवर येते.

दवबिंदू :

आडवाट यांच्याशी बरीचशी सहमत, पण त्याच प्रसंगात एक गोष्ट सुटतेय. व्हिकला त्या खोलीत पाठवतो कोण? असेवेडा. ज्याने व्हिकला संपवायला टेरीला पेरलंय, तोच कॅप्टन संध्याकाळ होते, मुलीचा जीव धोक्यात असतो, तेव्हा व्हिकला बोलावतो. आणि बाहेर बाकीचे आतला आवाज ऐकत थांबतात. माझ्या मते तो प्रसंग छळाचं समर्थन करत नाही. व्हिक एकटा घडत नाही, कायद्याने चालणारे लोक त्याला ठेवून घेतात, गरजेपुरता वापरतात आणि हात स्वच्छ ठेवतात, हे तिथे दिसतं. पाच मिनिटांत असेवेडाचा सगळा नैतिक अधिकार संपतो. पुढे सात सीझन तो व्हिकला पूर्णपणे पकडू शकत नाही याचं कारण त्या संध्याकाळी तयार झालंय.

निरपराध संशयित दिसत नाहीत, हा मुद्दा मात्र रास्त आहे. ती उणीव आहेच.

रातकिडा :

चौथ्या सीझनबद्दल कुणीच बोललं नाही! ग्लेन क्लोज कॅप्टन होऊन येते आणि तिने घर-गाड्या जप्त करण्याचं धोरण आणल्यावर वस्ती कशी उलटते ते बघण्यासारखं आहे. टोळीप्रमुख अँटवन मिचेलच्या भूमिकेत अँथनी अँडरसन, ज्याला आपण विनोदी कामांत बघतो, तो अंगावर येतो. आणि पाचव्या सीझनमधला फॉरेस्ट व्हिटेकर. बस, त्याचं नाव घेतलं तरी पुरे.

सांजवेळ :

रातकिडा, व्हिटेकरचा कॅव्हनॉ मलाही महत्त्वाचा वाटतो, कारण आडवाट यांच्या आक्षेपाचं थोडं उत्तर त्याच्यात आहे. तो अंतर्गत चौकशीचा अधिकारी. व्हिकबद्दल त्याचा प्रत्येक संशय खरा आहे. तरी आपण त्याचा राग करतो, कारण तोवर मालिकेने आपल्याला व्हिकच्या घरात बसवून ठेवलेलं असतं. मी पहिल्यांदा बघताना चक्क कॅव्हनॉ हरावा म्हणून वाट बघत होते. हा माणूस व्हिकच्या मागे इतका झपाटतो की शेवटी त्याच्याविरुद्ध खोटा पुरावा पेरतो, म्हणजे व्हिकचीच पद्धत उचलतो. फरक इतकाच की तो नंतर ते कबूल करतो आणि तुरुंगात जातो. आडवाट, प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या हे खरंच. पण आपण कुणासाठी टाळ्या वाजवतोय हे मालिकेने इतक्या वेळा समोर आणलंय की ते नजरचुकीने झालं असं मी मानणार नाही.

आता क्लॉडेट. पहिल्याच भागात असेवेडा तिच्यापुढे व्हिकबद्दल तक्रार करतो, तेव्हा ती व्हिकची पाठराखण करण्याच्या जवळ येते. लोकांना सुरक्षित घरी पोचायचं असतं, ते कुणामुळे आणि कसं याची चौकशी ते करत नाहीत, अशा अर्थाचं बोलते. म्हणजे जी बाई शेवटी व्हिकला समोर बसवते, तिची सुरुवात काणाडोळा करण्यापासून आहे. एकदम न्यायाची मूर्ती म्हणून तिला उभी केलेली नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये तिला कळतं की एक सरकारी बचाव वकील कित्येक वर्षं नशेत खटले लढत होती. हे बाहेर काढलं तर त्या वकिलाचे सगळे खटले पुन्हा उघडणार, त्यात खरे खुनीही सुटणार, आणि सरकारी वकिलांचं कार्यालय तिच्यावर नाराज होणार. कॅप्टनपद हातातोंडाशी आलेलं असतं. असेवेडा सांगतो, गप्प बस. डचही घाबरलेला असतो. ती गप्प बसत नाही. कॅप्टनपद जातं, पुढे सरकारी वकील तिच्या आणि डचच्या केसेस हातात घ्यायचं टाळतात, आणि डचची काही चूक नसताना त्याचीही कारकीर्द अडते. आणि खरोखरच गुन्हेगार सुटतात! मालिका तिला एकही सोपं बक्षीस देत नाही. प्रामाणिकपणाची किंमत इतक्या थंडपणे मोजलेली मी दुसऱ्या पोलीस मालिकेत पाहिलेली नाही. तिला कॅप्टनपद मिळतं ते पाचव्या सीझनमध्ये, ल्युपस या आजाराने शरीर साथ सोडायला लागलेलं असताना.

टिपकागद :

क्लॉडेटवर उत्तम लिहिलंत. डचवर दोन ओळी माझ्या. 'सज्जन पोलीस' या साच्यातून त्यालाही मालिकेने सोडलेलं नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तो एका विकृत गुन्हेगाराला बोलतं करतो, मरणाऱ्याच्या डोळ्यांतला जीव जाताना बघायचं वेड त्या माणसाला असतं. केस सुटते. घरी आल्यावर डच एका भटक्या मांजराचा गळा दाबून जीव घेतो आणि तिच्या डोळ्यांत बघत राहतो. या प्रसंगाचा नंतर गवगवा होत नाही. जे काम तो करतो त्यात रोज त्या डोक्यांत शिरावं लागतं, आणि तिथून माणूस तसाच्या तसा परत येत नाही. डच झालेल्या जे कार्नेसने तो प्रसंग एकाही शब्दाविना केलाय.

दवबिंदू :

शिक्षेच्या प्रश्नावर येते. माझं उत्तर : हो, पुरेशी आहे. आणि ती शेवटच्या भागात त्याच्या वाट्याला येणाऱ्या कार्यालयातल्या मेजावर सुरू होत नाही, त्याच्या आधीच्या भागात सुरू होते.

व्हिक इमिग्रेशन खात्याशी, म्हणजे आयसीईशी करार करतो : पूर्ण अभय, पण आजवरचा प्रत्येक गुन्हा आधी रेकॉर्डरवर सांगायचा. जे सांगणार नाही त्याला माफी नाही. समोर खात्याची अधिकारी ऑलिव्हिया, मेजावर रेकॉर्डर. व्हिक बसतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. चिक्लिसच्या चेहऱ्यावर काय काय जातं ते शब्दांत पकडणं कठीण आहे. मग तो सांगतो की मी टेरी क्राउलीला गोळी घातली. त्यानंतर बांध फुटतो, पैसा, खून, लाच, तासन्‌तास. आणि बोलता बोलता त्याच्या आवाजात चक्क हलकेपणा येतो, कुठे कुठे अभिमान डोकावतो. ऑलिव्हियाच्या चेहऱ्यावरची शिसारी बघा. आपल्या सहीने कुणाला अभय मिळालंय हे तिला कळत जातं. सात सीझन तुकड्या-तुकड्यांत बघितलेलं सगळं त्या खोलीत सलग ऐकल्यावर आपल्यालाही आपण कुणाची बाजू घेत होतो ते पहिल्यांदा एकत्र दिसतं.

बायकोला, कॉरिनला वाचवायला तो हे करतो. तिला अटक होणार अशी त्याची समजूत असते. खरं तर ती क्लॉडेटच्या बाजूने त्याच्याविरुद्ध काम करत असते. घटस्फोटित का होईना, ज्या कुटुंबाच्या नावावर त्याने प्रत्येक पाप केलं, ते कुटुंबच मुलांसह साक्षीदार संरक्षणात निघून जातं, त्याला पत्ताही न कळता.

आडवाट :

मला पुरेशी वाटत नाही. टेरीचा खुनी मोकळा फिरतो, हे वास्तव आहे. करारानुसार तीन वर्षं सूट-टाय घालून आयसीईच्या कार्यालयात बसायचं, रोज दहा पानी अहवाल लिहायचा, रस्त्यावर उतरायचं नाही. याला शिक्षा म्हणायचं असेल तर टेरीच्या घरच्यांना विचारून म्हणावं.

पण क्लॉडेटचा शेवटच्या भागातला प्रसंग मी मान्य करतो. शेनने आपल्या गरोदर बायकोला आणि लहान मुलाला विष देऊन स्वतःला गोळी घातलेली असते. कायद्याने क्लॉडेट व्हिकला हातही लावू शकत नाही. ती त्याला चौकशीच्या खोलीत बसवते, शेनची अर्धवट चिठ्ठी वाचून दाखवते आणि त्या तिघांचे फोटो त्याच्यासमोर मांडून निघून जाते. ज्या खोलीत त्याने इतरांना तोडलं त्याच खोलीत. माझ्या पहिल्या प्रतिसादातला आक्षेप त्या प्रसंगापुरता मी मागे घेतो. एरवी तो कायम आहे.

रातकिडा :

आणि रॉनी? शिक्षेचा हिशोब करताना रॉनीला धरलंच पाहिजे. व्हिक त्याच्या तोंडावर खोटं बोलत राहतो, करारात रॉनीचं नाव नाही हे लपवतो. चौघांत सगळ्यात सावध तो होता. पळून जाऊ या म्हणत होता, आणि थांबला तो व्हिकच्या शब्दावर. क्लॉडेट व्हिकच्या डोळ्यांदेखत डचकरवी त्याला बेड्या घालायला लावते. त्या क्षणी रॉनीला कळतं की व्हिकने सगळं सांगून टाकलंय, टेरीचंसुद्धा, आणि तो बार्नमध्ये सगळ्यांसमोर ओरडतो. सात सीझन आवाज न चढवणारा माणूस. रॉनी झालेल्या डेव्हिड रीस स्नेलला इतकी वर्षं मागच्या रांगेत उभं ठेवलं त्याचं कारण मला तिथे उमगलं. तिघांचे गुन्हे त्याच्याही अंगावर आहेत, तो निर्दोष नाही. पण टेरीला मारलं तेव्हा तो त्या खोलीत नव्हता, आणि आयुष्यभर तुरुंगात जाणारा चौघांतला एकटा तोच आहे.

सांजवेळ :

रातकिडा, हे वाचून माझं मत थोडं बदललं. मी शिक्षा फक्त व्हिकच्या बाजूने मोजत होते. दवबिंदू यांची कबुलीची खोली आणि तुमचा रॉनी शेजारी ठेवले की करार म्हणजे काय ते स्पष्ट होतं : व्हिक बोलला त्या प्रत्येक वाक्याने रॉनीची शिक्षा वाढत होती. पेरेझच्या जबाबाने ज्यांची नावं बाहेर आली त्यांच्या बाजूनेही हे वाचायला हवं. टिपकागद, त्या पोलिसांचं पुढे न्यायालयात काय काय झालं यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? मी वाट बघते.